इनॉसच्या बोटीवर शीळ

नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर शेवंड पकडणारा म्हातारा इनॉस क्रोवेल बोटीवर कुणालाही शीळ घालू देत नसे. शिळेने वादळ येतं, असा त्याचा हेका. त्यापायी सख्ख्या मेहुण्यालाही त्याने कायमचं किनाऱ्यावर बसवलं होतं.

एकदा लष्कराचं जेट विमान त्याच्यासमोरच समुद्रात कोसळलं. पॅराशूटने पाण्यात उतरलेल्या दोघा वैमानिकांना इनॉसने ओढून बोटीत घेतलं, ब्लँकेटं दिली, गरम चहा पाजला. जिवात जीव आला तसा धाकटा वैमानिक मजेत शीळ घालू लागला.

"गप मेल्या, नाहीतर परत पाण्यात टाकीन!" इनॉस खेकसला. "वर विमानातही हेच चाललं होतं काय रे?"

धाकट्याची शीळ ओठातच राहिली. थोरल्याने चहा खाली ठेवला, सावकाश धाकट्याकडे वळून बघितलं आणि म्हणाला, "टाकाच, काका."