रविवारी दार वाजवणारे काका

परदेशातल्या आमच्या कॉन्डो-संकुलातले निवृत्त मरीन इंजिनियर काका दर रविवारी अमेरिकन शेजाऱ्यांची दारं वाजवतात. उंबऱ्याबाहेरच उभं राहून, चष्मा पुसत विचारतात, "लष्करी धाटणीच्या रायफली तुमच्याकडे अमेरिकेत दुकानात मिळतात. त्यांच्यावर देशभर बंदी घाला, असं तुमच्या खासदाराला लिहाल?"

एकदा मी सोबत होतो, थोडा अवघडलेलाच. शेजारी चिडला. "तुमचा काय संबंध?"

काकांचा आवाज चढला नाही. "माझी नात तिकडे पहिलीत आहे. हल्ला झाला तर बाकाखाली आवाज न करता कसं लपायचं, ते तिला शाळेत शिकवतात. परवा फोनवर म्हणाली, 'आजोबा, शिंक आली तर?' मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय?"

शेजाऱ्याने दार पूर्ण उघडलं. मग बाजूला सरत म्हणाला, "आत या. काय लिहू?"