एक भर, एक सोड, चार भर

भानुदास मेश्रामचा उजवा पाय माझ्यामुळे गेला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही मला बिचारा समजाल. मी बिचारा नव्हतो. मी प्रताप शिर्के, मूळचा साताऱ्याचा, डोकं कायम तापलेलं.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, भर दुपारी, ह्यूस्टनच्या बाजूला, शुगर लँडजवळच्या आमच्या दुकानात दोघेजण शिरले. एकानं पिस्तुलाची नळी माझ्या जबड्यावर अशी हाणली की दोन दाढा काउंटरवर पडल्या. दुसऱ्यानं माझ्या बायकोचा, लताचा, हात गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये घालून ड्रॉवर लाथेनं बंद केला. एकदा नाही, तीनदा. बोटं मोडल्याचा आवाज मी फरशीवर पडून ऐकला आणि उठलो नाही. लोक म्हणाले, नशीब, जीव वाचला. मला मात्र त्या दोघांना गोळ्या घालायच्या होत्या. झोपेतसुद्धा मी त्यांना मारत होतो.

म्हणून मी हत्यार घ्यायला गेलो, आणि तिथे भानुदास भेटला.

बंदुकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जाड चष्मा, हातात कानस, कानावर पेन्सिल. नागपूरचा फिटर. बहिणीनं इकडे बोलावून घेतलेला. ह्यूस्टनच्या कारखान्यात तेलविहिरींची अवजारं करायचा, मंदीत ती नोकरी गेली आणि तो या बंदुका दुरुस्त करू लागला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाचा.

"बुद्धाचा माणूस आणि बंदुकीच्या दुकानात?" मी टोमणा मारला.

"मी बंदूक मारत नाही, भाऊ," तो म्हणाला. "ती चुकून कुणाला मारू नये, एवढं पाहतो."

मला पाहिजे होतं ते जुन्या घोडेस्वारांचं सहाबारी रिव्हॉल्व्हर. काचेच्या कपाटात अस्सल होतं, शंभर वर्षांपूर्वीचं, आठ हजार डॉलर. आणि शेजारी त्याची इटलीत केलेली नक्कल, साडेतीनशेला. मी नाक मुरडलं. आमच्या घराण्यात तलवारी होत्या, नकली हत्यार कशाला?

भानुदास हसला. "अस्सल घ्या आणि भिंतीवर लावा. लोखंड थकलं आहे त्याचं, आजची गोळी भरली तर तुमचाच हात जाईल. ही नक्कल नव्या पोलादाची आहे. स्प्रिंग मी बदलली, खाचा कानशीनं साफ केल्या, पाचशे गोळ्या मीच झाडल्या. एकही फुसकी गेली नाही. हा माझा कागद." खाली त्याची सही होती. प्रत्येक हत्यारासोबत तो असा कागद द्यायचा आणि दुकानाचा मालक त्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

"पण एक आहे," तो म्हणाला. "पोलाद नवं असलं तरी रचना जुनी आहे. घरं सहा, काडतुसं पाच. हॅमर, म्हणजे हा मागचा घोडा, रिकाम्या घरावरच टेकला पाहिजे. भरल्या घरावर टेकलेला असला आणि पिस्तूल पडलं, की सुटलंच. म्हणा माझ्याबरोबर. एक भर, एक सोड, चार भर. मग हॅमर पूर्ण मागे, आणि हळूच खाली."

पाढे म्हणवून घ्यावेत तसं त्यानं ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हा मला हत्यार शिकवणार? हा? मनात त्याच्या जातीवरून जे आलं ते लिहायला आज लाज वाटते. पण आलं होतं, आणि तेच पुढे नडलं.

लताला मात्र तो आवडला. तिच्या मोडक्या बोटांसाठी त्यानं लेथवर एक जाड मूठ करून दिली, सुरीला बसवायची. ती त्याला भानुदासदादा म्हणायला लागली आणि खंडेनवमीला तिनं त्याला जेवायला बोलावलं. खंडेनवमी म्हणजे आपली रविवारची. इथे सगळे सण रविवारीच येतात. त्यांचा धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम संध्याकाळी होता, म्हणून तो दुपारी आला. सोबत बारा वर्षांची मुलगी उपासना.

पाटावर मी सुरी, पाना, कात्री मांडली होती आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. झेंडूची माळ, हळदीकुंकू, अक्षता. आणि आत सहा काडतुसं. अर्धवट भरलेलं शस्त्र पूजायचं? छे! प्रत्येक काडतुसाला कुंकवाचं बोट लावून मी ते स्वतः भरलं होतं.

भानुदास पूजेला हात जोडणाऱ्यांतला नव्हता, पण कामाची नजर कुठे जाते? तो वाकला. काडतुसांच्या चक्राच्या मागच्या फटीत, हॅमरच्या बरोबर खाली, पितळेची कड चमकत होती.

"भाऊ, सहा भरल्या तुम्ही. आधी रिकामं करा."

"आधी आरती."

"प्रतापभाऊ, ऐका माझं. लेकरं आहेत घरात."

"बाबा, इज इट लोडेड?" उपासनानं विचारलं. ती पाटासमोरच उभी होती. त्यानं तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि तिच्या जागी स्वतः उभा राहिला.

माझं टाळकं सरकलं. चार पाहुण्यांदेखत मला शिकवतो! "अरे, तुझ्या कागदावर एवढा भरवसा आहे ना तुझा? हे बघ!" म्हणत मी तुपानं ओशट झालेल्या हातानं रिव्हॉल्व्हर उचललं. ते निसटलं. फरशीवर पाठीमागून, हॅमरवरच आपटलं.

आवाजानं कान बधिर झाले. धुरात पहिल्यांदा दिसला तो भानुदासचा गुडघा. गुडघा नव्हताच. पँट, मांस आणि पांढरं हाड, आणि रक्ताची चिळकांडी थेट झेंडूच्या माळेवर. तो ओरडला नाही, पोरगी ओरडली. लतानं अंगावरची ओढणी काढून मांडीला आवळली, मोडक्या बोटांनी, दातांत टोक धरून.

आणि मी काय केलं? मी रिव्हॉल्व्हर उचललं, एक जिवंत काडतूस बाहेर काढलं आणि खिशात घातलं. भानुदास जमिनीवरून माझ्याकडे बघत होता. आमची नजरानजर झाली.

"पाचच होत्या," मी पोलिसाला सांगितलं. "नियमाप्रमाणे. स्वस्तातली नक्कल आहे, चक्र आपोआप फिरलं असणार."

भानुदासनं स्ट्रेचरवरून सहा बोटं दाखवली. पोलिसानं रिव्हॉल्व्हर उघडलं, चार जिवंत आणि एक झाडलेलं मोजलं, आणि पाच लिहिलं.

पाय मांडीपासून कापावा लागला. त्याच आठवड्यात मालकानं त्याला काढून टाकलं. ज्याच्या सहीचं पिस्तूल आपोआप सुटतं, त्याला कोण ठेवणार? शहरातल्या एकाही दुकानानं त्याला दारात उभं केलं नाही. "नक्कल ती नक्कलच," असं मी आमच्या मराठी मंडळात चारचौघांत सांगत फिरलो. खोटं चार वेळा बोललं की आपल्यालाच खरं वाटायला लागतं, आईशप्पथ.

महिन्यानं लतानं माझी ती पँट धुवायला काढली. जेवायला बसलो तर ताटात, भाताच्या शेजारी, ते काडतूस. बुडाला कुंकू तसंच.

"गल्ल्यात माझा हात चिरडत होते तेव्हा तुम्ही उठला नाहीत," ती म्हणाली. "मी एका शब्दानं बोलले का? भीती कुणालाही वाटते. पण त्या माणसाचं रक्त वाहत असताना तुमचा हात कसा थरथरला नाही हो? उठा आता. नाहीतर मी जाते, आणि परत येत नाही."

मी उठलो. पोलिसांकडे गेलो, सगळं ओकलो. शिक्षा झाली ती भोगली. मग लताला घेऊन त्या बंदुकांच्या दुकानाच्या मालकापुढे उभा राहिलो. त्यानं भानुदासला बोलावून घेतलं. तो कुबड्यांवर आला, उपासनानं दार धरलं होतं.

मी त्याचे पाय धरायला वाकलो, आणि एकच पाय आहे हे दिसल्यावर तिथेच मटकन बसलो.

"उठा, भाऊ," तो म्हणाला. "पाय गेला तो गेला. पण चांगल्या कामाला तुम्ही खोटं पाडलं. ते मला रोज दुखत होतं."

लतानं जपून ठेवलेलं ते काडतूस मी पुढे केलं. त्यानं ते घेतलं, अंगठ्यानं कुंकू पुसलं आणि आपल्या जुन्या कामाच्या बाकावर उभं ठेवलं. मग चष्मा नीट केला.

"म्हणा."

मालक, पोरगी, लता, सगळ्यांसमोर मी म्हणू लागलो. "एक भर, एक सोड..." मी अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. भानुदास कानस हातात घेऊन, मी पूर्ण म्हणेपर्यंत थांबून राहिला.