पंखांच्या आतलं काम

आकाशात झेपावण्याच्या मानवाच्या आदिम ओढीचा इतिहास कधी लिहिला गेलाच, तर त्यात ब्रह्मपुरीच्या माझ्या साडूंना एक प्रकरण द्यावं लागेल. त्यात एवढंही नमूद करावं लागेल की ते स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत आणि आरमोरीच्या एसटीतही त्यांना मळमळतं. उडण्याशी त्यांना फारसं कर्तव्य नाही. त्यांचं प्रेम लाकडावर. लाकूड डेपोत जन्मभर ओंडके मोजल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते आधी वाजवून बघतात. धानोऱ्याला एका नातलगाकडे आम्ही सांत्वनाला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले असताना यांनी दाराच्या चौकटीवर दोनदा बोट मारलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "फसवलं बिचाऱ्याले. साग नाई हा." कोणाला फसवलं, गेलेल्याला की राहिलेल्याला, हे विचारायची ती वेळ नव्हती.

निवृत्तीनंतर त्यांनी रिमोटवर उडणारं, दोन मजली पंखांचं विमान बांधायला घेतलं. पंखांचा पसारा आठ फूट. अशा कामाला हलकं लाकूड लागतं हे त्यांनी वाचलं होतं. पण आमच्याकडे लाकूड म्हणजे साग, बाकी सगळं सरपण. म्हणून पहिले चारही पंख सागाचे झाले, चौरंगासारखे देखणे. धान कापून झालेल्या बांधीत विमान सोडलं. इंजिन गरजलं आणि ते शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत बैलगाडीच्या गांभीर्यानं चालत गेलं. माझी मोठी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, बांधावर बसून बघत होती. "आता नांगर जुपा त्याले," ती म्हणाली.

दुसरा कोणी असता तर त्यानं इंजिनाला दोष दिला असता. साडूंनी सागाला दिला, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकणं सोपं नव्हतं. ज्या पांगाऱ्याला ते लाकडाच्या जातीतही धरत नसत, त्याच्या पातळ फळ्या आणून त्यांनी नव्यानं सुरुवात केली. पंखांच्या कडांना बांबूच्या कामट्या हव्या होत्या. त्यासाठी बांबू अंधाऱ्या पाखातच तोडायचा, नाहीतर त्याला कीड लागते, म्हणून काम पंधरा दिवस थांबलं. मग फासळ्या. एका पंखात बारा, अशा अठ्ठेचाळीस. प्रत्येक फासळी पोखरून, काचपेपरनं घासून सोनाराच्या काट्यावर चढायची. केसाएवढी जड भरली की पुन्हा घासायची. जेवायला या म्हणून मेव्हणी हाक मारायची, तर आतून फक्त घासण्याचा आवाज यायचा. मधे एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पंखांचा तो उघडा सांगाडा व्यासपीठावर मांडला होता. पाहुण्यांनी "हे पंख म्हणजे आपल्या विभागाच्या भरारीचं प्रतीक" असं म्हणत हात पसरले आणि प्रतीकाची एक फासळी मोडली. साडू शांतपणे वर गेले, चारही पंख उचलले आणि भाषण चालू असताना घरी आले.

दोन वर्षांनी पंख पुरे झाले. कापड चढवायचं तेवढं उरलं. तिथे ते अडून बसले. महिने गेले. शेवटी मी विचारलंच. बराच वेळ ते फासळीवरून अंगठा फिरवत राहिले.

"झाकल्यावर कोन पाहीन, साडभाऊ? डेपोत जलमभर दुसऱ्यायची लाकडं मोजली. हातानं बनवलेलं माहं हेच एक काम हाय. आन् तेच झाकू काऊन?"

मेव्हणी दारातून म्हणाली, "सापळा हाय तो. सापळा उडत नाई."

पण दुसऱ्या दिवशी तीच आरमोरीला जाऊन विणकराकडून कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, पातळ कापड घेऊन आली. तिनंच त्याचा तुकडा एका पंखाच्या फासळ्यांवर ताणला, वर रोगण मारलं आणि वाळल्यावर तो पंख खिडकीच्या उजेडाला धरला. आतली एकेक फासळी दिसत होती. त्या दिवशी पहिल्यांदा साडू हाकेसरशी जेवायला आले.

उडवायचा दिवस ठरला. साडूंची नजर रिमोट आणि विमानाची दिशा यांतच गुंतणार, म्हणून फासळ्या बघायचं काम माझ्याकडे आलं. विमान सूर्य आणि माझ्यामधून जावं अशा बेतानं त्यांनी मला बांधीच्या मधोमध उभं केलं, दोन पावलं मागे घेतलं, परत एक पुढे. मग विमान धावलं, आणि या वेळी धुरा येण्याआधीच जमिनीनं त्याला सोडलं. साडूंचे ओठ हलत होते. खाली आणायचा त्यांना धीर होईना, म्हणून विमान वर, आणखी वर गेलं. तिथून माझ्या डोक्यावरून एक संथ वळसा घालून ते सावकाश उतरलं, आणि धसकटांत अडखळून थांबलं. एक कामटीही तुटली नाही.

साडू चालत माझ्याकडे आले. विमानाकडे त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

"दिसल्या काय जी फासळ्या?"

"सगळ्या," मी म्हणालो. "अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस."

त्यांनी मान हलवली, खाली बसले आणि पाठमोरे होऊन कितीतरी वेळ चपलेला लागलेली माती काढत राहिले. तेवढ्या उंचीवरून मला पंख दोन आहेत की चार, हेही कळलं नव्हतं.