बर्फखोलीच्या दारातल्या चपला

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चालू लागतो, हे माझे सोबती तुम्हाला सांगतील. देवळात जातो तोही बायकोच्या धाकानं. अंगात आलेल्याला तर मी तोंडावर विचारायचो, "काय बे, अजून किती वेळ चालणार हे?" तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते... पण घडलं ते घडलं.

लढाईचे दिवस होते. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. मलकापूर स्टेशनच्या मागे एका ठेकेदाराची टिनाची शेड होती. मोताळ्याच्या बाजारातून बैलगाड्यांनी कोंबड्या यायच्या. त्या कापायच्या, उकळत्या पाण्यात बुचकळायच्या, पिसं काढून साफ करायच्या आणि बर्फात भरून रेल्वेनं लष्कराच्या छावणीला पाठवायच्या. पेट्यांत बर्फ भरणं माझ्याकडे होतं.

काम धोक्याचं. फरशीवर पाणी, रक्त, चरबी – आणि पाय घसरला तर समोर उकळता हंडा. आमचे मुकादम कासमचाचा साठीचे, त्यांचे कायदे ठरलेले. सुरीचं पातं भिंतीकडे ठेवायचं, काम उरकलं की फरशीवर राख पसरायची, आणि बर्फखोलीत शिरताना चपला दारात काढायच्या. त्या खोलीच्या दुहेरी भिंतींत लाकडाचा भुसा ठासलेला, दार वीतभर जाड, कडी फक्त बाहेरून. दारात चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे, कडी लावायची नाही. मी चिडवायचो, चाचा, हे देऊळ आहे की मशीद?

एका शनिवारी सकाळी माझाच पाय माझ्याच सुरीनं कापला. पातं भिंतीकडे नव्हतं, हे सांगायला नकोच. चिंधी बांधून दिवस रेटला. दुपारी माल गाडीत चढला, माणसं आपापल्या घरी निघाली. माझी बायको तापानं फणफणलेली होती. तिच्या कपाळावर ठेवायला बर्फाचा खडा घ्यावा म्हणून कोणाला न सांगता आत शिरलो. ठेकेदाराचा बर्फ, मागायचा कुठल्या तोंडानं! जखमेला गारठा झोंबेल म्हणून चपला पायातच ठेवल्या.

बर्फाच्या लाद्यांमागे वाकून त्यांच्याभोवतीच्या भुशात खडा शोधत होतो, तोच अंधार झाला. कडी पडली.

ओरडलो. दार बडवलं. त्या भुशाच्या भिंतींतून आवाज बाहेर जातो कशाला? रविवारी सुट्टी, म्हणजे सोमवारपर्यंत तिकडे कोणी फिरकणार नव्हतं. फट सापडते का म्हणून टिन चाचपलं तर बोटं कापली, आणि ती कापलेली मला कळलीसुद्धा नाहीत. ओलं धोतर पायाला चिकटलं. घरी ती तापात पडलेली, आणि मी कुठे आहे हे तिला ठाऊक नाही... मी रडलो, खोटं कशाला बोलू. मग थंडी वाजेनाशी झाली आणि झोप येऊ लागली. तेव्हा खरी भीती वाटली. डोक्यात एकच घोळत होतं – चपला दारात काढायला पाहिजे होत्या, चपला दारात काढायला पाहिजे होत्या. हातानं चाचपलं. पायातच होत्या.

दार उघडलं तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. कासमचाचांनी मला बखोटीला धरून ओढत बाहेर आणलं. तंबाखूचा बटवा विसरला म्हणून ते स्टेशनावरून परत आले होते.

"तुह्या चपला दिसल्या म्हून खोललं," ते म्हणाले. "नाही तं बटवा घेऊन चाललो व्हतो मी."

मी पायांकडे बोट दाखवलं. डाव्या चपलेचा अंगठा मोच्याकडून लाल चामड्याचा घालून घेतला होता. चाचांनी तो पाहिला आणि वळून दाराकडे पाहिलं. तोच लाल अंगठा त्यांनी दारात पाहिला होता. दार उघडायला त्या चपला त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला ठेवल्या होत्या. आता तिथं काही नव्हतं. मघाशी कडी लावल्यावर त्यांनीच पसरलेल्या राखेत दारासमोर दोन चपलांचे ठसे मात्र होते, आणि तिथवर येणारी पावलं एकट्या चाचांची.

बायकोच्या तापाचं सांगितलं तसा त्यांनी बर्फ फोडला, गोणपाटात गुंडाळून माझ्या हाती दिला आणि घरापर्यंत सोबत आले.

म्हातारा चकला असेल, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. राखेचं काय करू, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि आमच्या दारात आल्यावर चाचा जे बोलले, त्याचं तर काहीच करता येत नाही.

"गरम व्हत्या बे त्या," ते म्हणाले. "कोनं आत्ताच पायातून काढल्यावानी."

माझे पाय तेव्हाही बर्फासारखे गार होते.