पाती मोजता येत होती

मिस्तरीच्या हाताखालून पाणी उपसणारी इंजिनं गेली, मळणीयंत्रं गेली, आणि उतारवयात गावाबाहेरच्या मैदानावरची चार लहान विमानं आली. यंत्र बिघडलं तर त्याला कधी राग यायचा नाही. माणसांचा यायचा. त्याच्या मते शंभरातली नव्वद माणसं कारखान्यातूनच सदोष निघालेली.

त्यात पहिला नंबर साडूचा, बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. फरश्या विकून गबर झालेल्या या गड्याला पंचावन्नाव्या वर्षी उडायची खाज सुटली आणि त्याने गायरोप्लेन आणलं. डोक्यावर दोन पात्यांचा मोठा मोकळा पंखा, पाठीमागे ढकलायला इंजिनाचा लहान.

"रिक्षाला छताचा पंखा लावलाय कुणीतरी," मिस्तरी म्हणाला.

साडू स्वतःला गरुड म्हणवून घ्यायचा. मैदानावर त्याला कोंबडा म्हणत. कोंबडाही उडतो, कुंपणापर्यंत.

उडायची रीत अवघड नव्हती. आधी जागेवर उभं राहून वरचा पंखा इंजिनाला जोडलेल्या दांड्याने पुरता फिरवायचा, मगच ब्रेक सोडायचा. पंखा मंद असताना पळवलं तर पाती वरखाली फडफडून आपल्याच शेपटीवर आपटतात. मिस्तरीने पंख्याचा वेग दाखवणाऱ्या तबकडीवर, काटा कुठवर यायला हवा तिथे, लाल रेघ मारून दिली होती. शिवाय अडाण्यालाही कळावं म्हणून सांगितलं होतं, "साडूभाऊ, पाती मोजता येतायत तोवर जागचं हलायचं नाही."

"मला शिकवू नकोस. मी कानाने ओळखतो," साडू म्हणाला. त्या कानाला बायकोची हाक कधी ऐकू गेली नव्हती.

एका सकाळी त्याने व्याह्यांना बोलावलं. लेकीचे सासरे म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, शांत माणूस. त्यांच्यापुढे गरुडाने काळा चष्मा चढवला. मिस्तरीने यंत्र तपासून वहीत सही केलेली होती. पंखा सुरू झाला. काटा रेघेच्या अर्ध्यावरही आला नसेल, पण व्याह्यांसमोर नुसतं बसून राहणं कोंबड्याला कमीपणाचं वाटलं. त्याने ब्रेक सोडला आणि गाडी दामटली. शंभर पावलांवर खाड खाड आवाज झाला, शेपटी उडाली, यंत्र कुशीवर पडून फरफटत गेलं. चाक जमिनीवरून वीतभरही सुटलं नव्हतं. साडूच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तोंड मात्र शाबूत राहिलं.

"चौकशीवाला येईल," दवाखान्याच्या खाटेवरून तो म्हणाला. "पंखा फिरवणारा दांडा अडकला, असं सांग. यंत्राचाच दोष."

"तपासल्याची सही माझी आहे. माझा परवाना जाईल."

"जाऊ दे की. माझ्या गोदामावर ये. खुर्चीत बसून राहशील."

घरी बायकोने तोच सूर लावला. "दाजींची लोकांत शोभा होईल हो. ताईला काय वाटेल?"

"तुझ्या दाजींची शोभा मैदानावर आडवी पडलीय. आधी ती उचलू दे."

"तुम्हाला माणसं नकोतच."

"चांगली असली तर आण एखादं."

पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. तीस वर्षं यंत्रांच्या पोटात हात घातलेला माणूस गोदामाच्या खुर्चीत बसणार, आणि त्याला कामाला लावणार कोण, तर कोंबडा.

चौकशीचा अधिकारी शेडमध्ये आला, तेव्हा साडू हात गळ्यात बांधून हजर होता. आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून त्याने व्याह्यांना आणलं होतं. दांडा अडकल्याची कथा त्याने रंगवून सांगितली. मिस्तरीने तुटलेली शेपटी आणून टेबलावर ठेवली. तिच्यावर पात्याचे तीन घाव होते. शेजारी त्याने दांडा ठेवला आणि बोटाने फिरवून दाखवला. लोण्यासारखा फिरला.

"निघाल्यावर अडकला होता," साडू म्हणाला. "त्याआधी पंखा मी पुरा फिरवला होता. विचारा व्याह्यांना, त्यांनी पाहिलंय."

"काय पाहिलंत, मास्तर?" अधिकाऱ्याने विचारलं.

मास्तरांनी जरा आठवलं. "मला त्यातलं कळत नाही. मी आपली पाती मोजत होतो. सवयच आहे." त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं. "एक, दोन. एक, दोन. अशी. मोजता येत होती छान. मग हे निघाले."

अधिकाऱ्याची पेन्सिल चालू झाली.

"चष्मा जुना असेल तुमचा," साडू म्हणाला.

"परवाच बदललाय," मास्तर म्हणाले.

अधिकाऱ्याने मिस्तरीची वही मिटून त्याच्याकडे परत सरकवली. मिस्तरीने ती कपाटात ठेवली आणि शेपटी भंगारात टाकायला उचलली. साडू तिथेच उभा होता, कुणी बस म्हणेल या आशेने. मिस्तरीने खुर्ची ओढली आणि मास्तरांना दिली.