नऊ नंबरचा पाहुणा

तिकोणा पेठेच्या आमच्या फुटबॉल टीमनं शेजारच्या गावाकडून ओळीनं तीन वर्षं मार खाल्ला. चौथ्या वर्षी ठरलं, कोल्हापूरहून खेळाडू आणायचा. एकच, पण भारी. बुटांसाठी आणि गोलच्या जाळीसाठी जमवलेली वर्गणी त्याच्या मानधनात गेली. सोबत माझी नऊ नंबरची जर्सीही गेली.

"आबा, तुमी उजवीकडनं खेळा. म्होरं पाव्हणं ऱ्हातील," कॅप्टन म्हणाला. अडतिसाव्या वर्षीच मी टीमचा आबा झालो होतो. मी हसून मान डोलावली आणि आतून चांगलाच जळलो.

कारण यंदा बायको पहिल्यांदाच सामना बघायला येणार होती. बारा वर्षांच्या संसारात तिनं माझा एकही गोल पाहिला नव्हता. दर सामन्याला ती टीमच्या जेवणात अडकायची. यंदा पाहुण्यासाठी जेवण आदल्या दिवशीच होतं, म्हणून मोकळी होती. माझ्या गोलांच्या कथा तिनं भरपूर ऐकल्या होत्या, पण त्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "एकदा बगतेच," ती म्हणाली. गुडघ्याची तक्रार बघता माझं हे शेवटचं वर्ष होतं. मला तिच्यासमोर एक गोल हवा होता, बस.

पाहुणा उतरला आमच्याच घरी. उंचापुरा, अदबशीर पोरगा. गावठी कोंबडं शिजलं, इंद्रायणीचा भात झाला. सगळी टीम पंगतीला बसली आणि "घ्या भाऊ, लाजू नका" करत त्याला इतकं वाढलं, की उठताना हात द्यावा लागला. बायकोनं मागाहून चुलीपाशी उरल्या रश्शात भाकरी कुस्करून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भात काढलेल्या खाचरात सामना सुरू झाला. पोरगा खरंच झकास खेळत होता. पण आम्हा बाकीच्यांना काय झालं कोण जाणे, बॉल पायात आला की जो तो आधी पाहुण्याला शोधायचा. एवढे पैसे खर्चून आणलेला माणूस, त्याला सोडून आपण गोल कसा मारायचा? आम्ही सगळे वाढपीच झालो. समोरच्यांना हे लवकरच कळलं. त्यांनी चार गडी त्याच्याभोवती उभे केले आणि निवांतपणे एक गोल करून घेतला.

"अवो, मला कशाला देतासा? तुमीच मारा की!" पाहुणा ओरडून दमला. आम्हाला वाटलं, संकोचानं बोलतोय. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतोच.

शेवटच्या मिनिटाला बॉल माझ्याकडे आला. ते चौघे पाहुण्याला चिकटलेले, गोलकीपर धसकटाला अडखळून पालथा पडलेला. समोर मोकळा गोल. बांधावर बायको उठून उभी राहिली होती. तेही मला दिसलं.

आणि मी पाहुण्याला पास दिला.

चौघांनी तो आरामात काढून घेतला, शिट्टी वाजली, आम्ही पुन्हा हरलो. मला इतकी लाज वाटत होती, की घरी जाताना मी तिच्या चार पावलं मागून चाललो होतो.

"तुमच्याम्होरं कुनीच नव्हतं," ती वळून म्हणाली.

"पाहुण्याला आधी द्यायला लागतं गं."

"व्हय," ती म्हणाली. "आता कळलं का, समद्यास्नी वाढून झाल्यावर पातेल्यात काय उरतं ते?"