ऐकलेली धाव

माझ्या नवऱ्याला धावताना मी कधी पाहिलं नाही. ऐकलं तेवढं. पण जे ऐकलं ते आठवलं की इतक्या वर्षांनीही अंगावर काटा येतो.

माझं सासर रत्नागिरीच्या बाजूचं, खाडीकाठचं. माहेर संगमेश्वराकडचं, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा तिथली धाव म्हणजे काय प्रकार आहे हे मला ठाऊक नव्हतं. सन तीसच्या पुढची दोन-चार वर्षं असतील. गावचा देव वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीला. माघातल्या जत्रेच्या सकाळी त्याच्यावर पहिलं पाणी पडायचं ते खाडीकाठच्या झऱ्याचं, आणि ते पाणी धावत न्यायचं. वरच्या वाडीचा एक गडी, खालच्या वाडीचा एक. दोघांच्या हातात तांब्याचा गडू, तोंडाला केळीचं पान बांधलेलं. वाट म्हणजे दोन उभ्या घाट्या आणि मधे ओढ्याचा व्हाळ. रिकाम्या हाताने चढले तरी माझ्या तोंडाला फेस यायचा. आणि नियम असा, की झऱ्यापासून देवळापर्यंत चालायचं नाही. हळू धाव, म्हाताऱ्या बैलासारखा धाव, पण धाव. एक पाऊल चाललास की तुझी धाव मोडली. मग पहिला पोचलास तरी तुझं पाणी तुळशीला.

सगळी वाट रानातून. कोण धावतंय नि कोण चालतंय, दिसणार कुणाला? म्हणून धावणाऱ्यांच्या दोन्ही पायांत चाळ बांधत, शिमग्यात नाचणारे खेळे बांधतात तसे, घुंगरांचे. वरच्या वाडीचे घुंगरू बारीक, किणकिणणारे. आमचे जाड नि भरड आवाजाचे. वाटेच्या मध्यावर रानाबाहेर आलेला एक मोठा कातळ आहे, तिथून दोन्ही घाट्यांतला आवाज येतो. त्या कातळावर प्रत्येक वाडीचा एक म्हातारा ऐकायला बसे. त्याने "मोडली" म्हणून हाक घातली की त्याच्या वाडीची मोडली. आमच्या वाडीचे ऐकणारे म्हणजे माझे सासरे.

मामंजी घरात दिवसाकाठी चार शब्द बोलायचे नाहीत, पण कान असे की मी मागच्या पडवीत पुटपुटले तरी पुढच्या ओटीवर कळायचं. मला त्याचा भारी वैताग. सुनेने पुटपुटायचं तरी कुठे, सांगा.

खालच्या वाडीची धाव पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत आमचे हे धावले. हे दुसऱ्या घाटीत असताना कातळावर मामंजींनी हात वर केला आणि ओरडले, "मोडली." पोटच्या पोराची! शेजारी बसलेल्या वरच्या वाडीच्या म्हाताऱ्याला तर काही ऐकूच आलं नव्हतं. त्यांच्या जागी मी गप्प बसलो असतो, असं तो स्वतःच नंतर सांगत फिरला. हे देवळात पहिले पोचले आणि यांचं पाणी तुळशीला गेलं. देवासमोर उभं राहून हे म्हणाले, मी चाललो नाही. मामंजी म्हणाले, चाललास. बापलेकांचं बोलणं तिथे संपलं. चार दिवसांत हे आगबोट धरून मुंबईला गेले, गिरणीत लागले. बापाला साधा निरोप नाही.

मी कुणाच्या बाजूने होते, हे काय सांगायला हवं? वर्षभर मामंजींच्या पानात वाढताना पळी आपटली. पाणवठ्यावर कुणी म्हणालं, चालला असेल गो, दमला असेल, तर कळशी खाली ठेवून भांडायची. माझा नवरा खोटं बोलणारा नव्हे, म्हाताऱ्याचे कान गेलेत, हे मी अख्ख्या वाडीला ऐकवलं. सासू म्हणायची, अगो, घरातलं घरात ठेव. मी कसली ठेवतेय!

आता रीत अशी होती, की मोडलेल्या घराला पुढच्या साली आणखी एकदा उभं राहता येई. तेव्हाही मोडली तर धाव त्या घरातून कायमची जाई. म्हणून हे येतात की नाही, याचाच घोर. जत्रेच्या आदल्या दिवशी हे खाडीतल्या पडावातून उतरले आणि मी पाहतच राहिले. गालफडं बसलेली, अंगावरचं मांस कुठे गेलं देव जाणे, आणि दर दोन शब्दांमागे खोकला. गिरणीतला कापूस छातीत जातो म्हणाले. मला रडूच कोसळलं. म्हटलं, या छातीवर धावणार तुम्ही? धावणार म्हणाले. ओटीवर बाप बसला होता, त्याच्यासमोरून आत आले, पण ना यांनी हाक दिली ना त्यांनी मान वर केली.

मामंजींनी मात्र वरच्या वाडीला विचारणं धाडलं, पोरगा धावतो तर बाप ऐकायला बसलेला चालेल का. ज्याने स्वतःच्या पोराची मोडली त्यानेच बसायचं, असा निरोप उलट आला.

मामंजींचे गुडघे धरायचे, कातळावर चढायला त्यांना कुणीतरी लागे. दरवर्षी सासू जायची. त्या साली मीच पुढे झाले. म्हाताऱ्यावर नजर ठेवायला, दुसरं काय.

सकाळी कातळ गार पडला होता. दोघे म्हातारे मांडी घालून बसले, मी मागे. खाली झऱ्याशी ढोल वाजला नि थांबला. बराच वेळ पाखरांशिवाय काही नाही. मग खालून, पार खालून, कुणी डाळ पाखडतंय असा आवाज आला. हळूहळू त्यातून दोन आवाज वेगळे झाले, एक बारीक नि एक भरड. पहिली घाटी चढत होते. मामंजींनी डोळे मिटले. मी पदराचा बोळा तोंडात धरला, कारण मला यांचा खोकला ऐकू येत होता. खोकत होते नि धावत होते. चाळ काही थांबत नव्हते.

आवाज आमच्या खालून रानातून गेले, व्हाळात उतरले, आणि दुसरी घाटी लागली. ती घाटी म्हणजे भिंत हो. तिथे बारीक घुंगरू आधी अडखळले, मग सावकाश वाजायला लागले. वरच्या वाडीच्या म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि स्वतःच हाक दिली, आमची मोडली. त्यानंतर त्या सबंध डोंगरात एकच आवाज उरला, माझ्या नवऱ्याच्या पायांचा. थकलेला होता, पण तुटत नव्हता. वाटे, आता थांबेल, आता थांबेल, आणि पुढचं पाऊल पडायचंच. ज्या माणसाला आदल्या दिवशी घोटभर पेज पिताना धाप लागत होती, तो हा? मला भीतीच वाटली, देवळात गेल्यावर वाटते तशी.

आणि मग तो आवाज निम्मा झाला. छन. थांबून, छन. पुन्हा थांबून, छन.

"मोडली," वरच्या वाडीचा म्हातारा म्हणाला. आनंदाने नव्हे, त्यालाही वाईट वाटलं होतं. मलाही तसंच ऐकू आलं. हे चालत होते. गेलं, आमच्या घरातून धाव गेली. हाक घालायला तो उठला, तर मामंजींनी त्याच्यापुढे हात आडवा धरला.

"नाय. धावतोय."

म्हातारा हसला. पोराची माया आली काय, म्हणाला. आणि खरं सांगते, मलाही तेच वाटलं. ज्याला वर्षभर कठोर म्हणून शिव्या घातल्या, तो शेवटी बापच निघाला, असं वाटलं. मामंजी चिडले नाहीत. डोळे न उघडता म्हणाले, "चालणाऱ्याचा चाळ दोनदा वाजतो. टाच टेकताना नि पाऊल उचलताना. हा एकदाच वाजतोय. एका पायातला गळलाय."

मग त्यांनी तळहात कातळावर ठेवला आणि थापटायला लागले. वरून छन आलं की मधल्या रिकाम्या जागी मामंजींची थाप. छन, थाप. छन, थाप. जो पाय आम्हाला ऐकू येत नव्हता, तो ते हाताने घालत होते. बाई गं! क्षणात सगळं उलटलं. मला धाव ऐकू आली. दोन्ही पाय ऐकू आले, घाटी चढणारे, घाई नाही, खंड नाही. मी कातळावर बसून नवऱ्याचं धावणं बापाच्या हातातून ऐकत होते. मामंजींच्या कपाळावर घाम होता आणि यांच्या पावलांबरोबर त्यांचाही श्वास चढत होता. आवाज सड्यावर गेला नि विरला, तरी हात थापटतच होता. मी धरून थांबवला.

पण एक म्हणतो मोडली, दुसरा म्हणतो नाही. असा वाद पडला तर दोघांची एक हाक झाल्याशिवाय देवळातला ढोल वाजत नाही. आम्ही वर पोचलो तेव्हा हे अंगणात गडू छातीशी धरून उभे होते, आणि कुणी पाण्याला हात लावत नव्हतं. एका पायात चाळ होता, दुसरा रिकामा. वरच्या वाडीचे लोक म्हणाले, चालताना मुद्दाम सोडून टाकला असेल, कुणी सांगावं. मामंजींच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण बघत होते सगळे त्यांच्याकडे.

तेवढ्यात वरच्या वाडीचा गडी आला. त्याची मोडली होती, म्हणून रमतगमत चालत आला. त्याच्या हातात आमचा चाळ. घाटीच्या मधल्या वळणावर, करवंदीच्या जाळीत अडकला होता म्हणाला. सुतळीची गाठ तशीच्या तशी होती, सुतळी मात्र काट्यात अडकून तुटलेली. सोडलेली नव्हती. त्याला लपवता आला असता, पण त्याने सगळ्यांसमोर पायरीवर ठेवला. त्याच्या वाडीच्या म्हाताऱ्याने पुढे होऊन स्वतःचे दोन्ही कान धरले आणि ढोलवाल्याला म्हणाला, वाजव.

पाणी देवावर पडलं. गर्दी आत शिरली. हे मात्र बाहेर आले, सरळ बापासमोर उभे राहिले. अंगणात लोक होते, वरच्या वाडीचेही.

"बा, गेल्या साली मी चाललो होतो."

कुणी विचारलं नव्हतं. धाव घरात राहिली होती, पाणी पडलं होतं, गप्प बसले असते तरी चाललं असतं. मामंजींनी यांच्या रिकाम्या, काट्यांनी रक्ताळलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाय दाखव." पायरीवर बसवलं, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि धोतराच्या सोग्याने रक्त पुसायला लागले.

उतरताना मामंजी काठी टेकत पुढे, आम्ही दोघं मागे. माझा पारा चढला होता. म्हटलं, वर्षभर मी तुमच्यासाठी अख्ख्या वाडीशी भांडले, तुमच्या बापाला उपाशी ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि तुम्ही चालला होतात? लाज नाही वाटली?

यांना आधी खोकल्याची उबळ आली. मग म्हणाले, "वाटली म्हणून तर आलो. वाडीत माझा शब्द खरा म्हणणारी तू एकटी, आणि तोच खोटा. घाटीत पाय चालायला लागतोय असं वाटलं की तू पाणवठ्यावर भांडताना दिसायचीस."

मला गप्प झालेलं त्या गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असेल. पुढे मामंजी थांबले होते. वळून पाहिलं नाही, नुसता एक हात मागे केला, आणि यांनी पुढे होऊन तो धरला.